गेलेल्यांच्या नावाने

शोधनिबंधाच्या शेवटी बारीक अक्षरात आभाराचा एक परिच्छेद असतो. हे काम कोणाच्या पैशावर झालं, ते तिथे लिहिलेलं असतं. मी मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयात हिस्टोपॅथॉलॉजीची तंत्रज्ञ होते. आमचे डॉक्टर वाचून झालेली वैद्यकीय नियतकालिकं स्टाफरूममध्ये ठेवून जात आणि डबा खाता खाता मी ती चाळत असे. निबंधातलं सगळंच कळायचं असं नाही, पण आभाराचा परिच्छेद कळायचा. स्वादुपिंडाच्या कर्करोगावरच्या निबंधांत तिथे सरकारी अनुदानाच्या क्रमांकाशेजारी माणसांची नावं दिसत. कोणाच्या नावाचं फाउंडेशन, कोणाच्या स्मरणार्थ ठेवलेला निधी. पुढे लक्षात आलं की यातली बरीच नावं याच रोगाने गेलेल्यांची आहेत आणि पैसा त्यांच्या मागे राहिलेल्यांनी उभा केला आहे.

निवृत्तीनंतर सवड मिळाली तेव्हा मी या नावांचा माग काढायला लागले. त्यातून जो इतिहास हाती आला, तो इथे सांगते आहे. बहुतेक घटना अमेरिकेतल्या आहेत. पण या प्रथेचा एक फार जुना धागा आपल्या परळमध्ये आहे, म्हणून सुरुवात तिथून करते.

लेडी मेहरबाई टाटा १८ जून १९३१ रोजी ब्रिटनमधल्या एका शुश्रूषागृहात वारल्या. रोग होता रक्ताचा कर्करोग. वय अवघं एक्कावन्न. त्यांचे पती सर दोराबजी टाटा म्हणजे जमशेटजींचे थोरले चिरंजीव. या जोडप्याला मूलबाळ नव्हतं. पुढच्या वर्षभरात दोराबजींनी दोन ट्रस्ट उभे केले. आपली जवळजवळ सगळी मालमत्ता त्यांनी एका ट्रस्टला देऊन टाकली. तोच आजचा सर दोराबजी टाटा ट्रस्ट. दुसरा पत्नीच्या नावाचा, लेडी टाटा मेमोरियल ट्रस्ट. त्याच्या उत्पन्नाचा मोठा हिस्सा रक्ताच्या कर्करोगावर जगात कुठेही काम करणाऱ्या संशोधकांसाठी राखून ठेवला. ३ जून १९३२ रोजी जर्मनीत दोराबजींचंही निधन झालं. मेहरबाईंसाठी त्यांनी हौसेने घेतलेला सुमारे २४५ कॅरटचा ज्युबिली हिरा, कोहिनूरच्या दुपटीहून जड, पुढे विकला गेला आणि त्याचे पैसे ट्रस्टमध्ये जमा झाले. १९२४ मध्ये जमशेदपूरची पोलाद कंपनी बुडायच्या बेतात असताना याच हिऱ्यासकट आपली मालमत्ता त्यांनी तारण ठेवली होती, ती गोष्ट अनेकांना माहीत आहे. त्याच घरातल्या पैशाने पुढे कर्करोगाच्या संशोधनालाही हात दिला, हे मात्र कमी सांगितलं जातं.

१९३२ साली रक्ताच्या कर्करोगावर एकही परिणामकारक औषध नव्हतं. मुलांमधल्या ल्युकेमियाला औषधाने तात्पुरता का होईना उतार पडतो, हे बॉस्टनच्या सिडनी फार्बर यांनी दाखवलं ते १९४८ मध्ये. म्हणजे दोराबजींनी पैसा ठेवला तेव्हा समोर काही आशा दिसत होती, असं नाही. आपलं माणूस तर गेलंच होतं. जो रोग कोणालाच कळत नव्हता, तो समजून घेण्यासाठी त्यांनी पैसा ठेवला. उपचारासाठी दान करणारे पुष्कळ असतात. अज्ञान कमी व्हावं म्हणून दान करायला वेगळी दृष्टी लागते.

दोराबजी टाटा ट्रस्टच्या पैशातून परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल उभं राहिलं. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी त्याचं उद्घाटन झालं, तेव्हा तिथे ८० खाटा होत्या. खाटांइतकंच महत्त्व पहिल्या दिवसापासून प्रयोगशाळेला दिलं गेलं. पॅथॉलॉजीचे प्राध्यापक डॉ. वसंत रामजी खानोलकर यांना त्यासाठी बोलावून आणलं. आमच्या पेशात त्यांचं नाव आजही आदराने घेतात. आपल्या लोकांना कोणता कर्करोग होतो आणि का होतो, हा प्रश्न त्यांनी इथल्या रुग्णांकडे बघून विचारला. धोतर वर्षानुवर्षं कमरेला एकाच जागी घट्ट बांधल्याने तिथल्या कातडीला होणारा कर्करोग, पेटतं टोक तोंडात धरून चुट्टा ओढणाऱ्यांच्या टाळूचा कर्करोग, अशा गोष्टींवर त्यांनी शास्त्रीय लेखन केलं. असे प्रश्न परदेशी पुस्तकांतून आले नसते. ट्रस्टच्या पैशावर चालणाऱ्या प्रयोगशाळेत बसलेल्या माणसाला ते सुचले.

खानोलकरांच्या हाताखाली पुण्याच्या कमल रणदिवे तयार झाल्या. १९४९ मध्ये पीएचडी मिळाल्यावर त्या रॉकफेलर फाउंडेशनच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेला गेल्या, बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये डॉ. जॉर्ज गाय यांच्याकडे. मानवी पेशी शरीराबाहेर काचेच्या नळीत वाढवण्याचं तंत्र जगात ज्या थोड्या प्रयोगशाळांना साधलं होतं, त्यांतली ही एक. १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून, तिला न विचारता, घेतलेल्या पेशी याच प्रयोगशाळेत वाढल्या आणि हीला या नावाने जगभर पोहोचल्या. रणदिवेबाई ते तंत्र शिकून परत आल्या आणि मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी देशातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली. हे केंद्र १९५२ चं. पुढे ते टाटा रुग्णालयात विलीन झालं.

गाय यांचं नाव मी मुद्दाम घेतलं. १९७० मध्ये त्यांना स्वतःला स्वादुपिंडाचा कर्करोग झाला. शस्त्रक्रियेच्या आधी त्यांनी आपल्या सहायकांना सांगून ठेवलं की माझ्या गाठीचा तुकडा घ्या आणि वाढवा. सहायक तयारीत थांबलेही होते. सर्जनांनी पोट उघडलं तर रोग सगळीकडे पसरलेला. तुकडा कापला तर जिवाला धोका होईल, असं वाटून त्यांनी काही न घेता पोट शिवलं. शुद्धीवर आल्यावर गाय संतापले. त्यानंतर त्यांनी मेयो क्लिनिकमधल्या एका प्रायोगिक औषधासाठी स्वतःला देऊ केलं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ते गेले. दुसऱ्यांच्या पेशी वाढवण्यात ज्याने आयुष्य घालवलं, त्याच्याच गाठीचा नमुना हाती आला नाही. हा रोग संशोधनाला किती अवघड आहे, हे या एका प्रसंगातून मला जेवढं समजलं, तेवढं कुठल्या आकडेवारीने समजलं नसतं.

हा अवघडपणा मी हाताळलेला आहे. स्वादुपिंड जठराच्या मागे, पाठीच्या कण्यापुढे दडून असतं. त्याच्या डोक्याकडच्या भागाला आतड्याची कमान, म्हणजे ड्युओडेनम, वेढून असते, पित्तनळी त्यातूनच जाते आणि मोठ्या रक्तवाहिन्या अगदी चिकटून असतात. म्हणून नुसती गाठ काढता येत नाही. स्वादुपिंडाचं डोकं, ड्युओडेनम, पित्तनळीचा खालचा भाग, पित्ताशय आणि कधी जठराचा तुकडा, हे सगळं एकत्र काढावं लागतं. न्यूयॉर्कच्या ॲलन व्हिपल यांनी १९३५ मध्ये या शस्त्रक्रियेवर निबंध लिहिला. त्याआधी १९०९ मध्ये बर्लिनच्या वाल्टर काउश यांनी तसा प्रयत्न यशस्वी केला होता. तरी नाव व्हिपलचंच रूढ झालं. थिएटरमधून बादली आली की आमच्याकडे एवढंच म्हणायचे, ‘व्हिपल आलाय.’ मग सगळे कामाला लागत.

तो नमुना आधी फॉर्मॅलिनमध्ये रात्रभर मुरू द्यायचा. दुसऱ्या दिवशी डॉक्टर ग्रॉसिंगला, म्हणजे नमुना नुसत्या डोळ्यांनी तपासून कापायला, बसले की मी शेजारी कॅसेट आणि शाया घेऊन उभी. गाठ ज्या कडांपर्यंत पोहोचलेली असू शकते, त्या प्रत्येक कडेला वेगळ्या रंगाची शाई लावायची. नंतर काचेखाली पाहताना ही पाठीकडची कड, ही रक्तवाहिनीकडची, हे कळायला हवं. मग लांब पात्याच्या सुरीने पातळ चकत्या. निरोगी स्वादुपिंड पिवळसर आणि दाणेदार असतं. गाठ पांढरट आणि घट्ट असते, सुरी अडते. ती कुठे सुरू होते आणि कुठे संपते, हे डोळ्यांना नीट दिसत नाही. बोट फिरवूनच अंदाज घ्यायचा. चकत्यांचे तुकडे कॅसेटमध्ये घालून, पाणी काढून, मेणात बसवले की ब्लॉक तयार. तो मायक्रोटोमवर लावून मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाइतक्या जाडीची रिबन कापायची, कोमट पाण्यावर तरंगवायची आणि अलगद काचेवर उचलायची. रंगवून झाल्यावर मायक्रोस्कोपखाली जे दिसतं, तिथे या रोगाची खरी अडचण आहे. सगळीकडे व्रणासारखी कठीण, तंतुमय ऊती आणि तीत खडकाळ माळावरच्या झुडपांसारख्या तुरळक विखुरलेल्या कर्करोगाच्या ग्रंथी. गाठ म्हणून जे हाती येतं, त्यात कर्करोगाच्या पेशी थोड्याच असतात. संशोधकाने गाठीचा तुकडा दळून जनुकं वाचायला घेतली, तर त्यात निरोगी पेशींचीच गर्दी.

त्यात शस्त्रक्रियेच्या लायक अवस्थेत सापडणारे रुग्ण शंभरात पंधरा-वीसच. १९६०-७० च्या सुमाराला व्हिपल केलेल्या चार रुग्णांतला एक रुग्णालयातच दगावत असे. ही शस्त्रक्रिया बंदच करावी, असं अमेरिकेतले काही नामांकित सर्जन १९७० च्या दशकात उघड म्हणत होते. पुढे मोठ्या केंद्रांनी हे प्रमाण शंभरात पाचाच्या खाली आणलं. शस्त्रक्रिया सुधारली, पण रोगाचं मूळ तिथेच राहिलं. बहुतेक रुग्ण उशिरा येत आणि लवकर जात.

पैशाच्या प्रश्नाची मुळंही इथेच आहेत. अमेरिकेने डिसेंबर १९७१ मध्ये राष्ट्रीय कर्करोग कायदा केला आणि सरकारी पैसा मोठ्या प्रमाणावर वाहू लागला. पण कोणत्या रोगाकडे किती पैसा जाणार, हे बोलणारी माणसं किती आहेत यावरही ठरतं. स्तनाच्या कर्करोगातून वाचलेल्या हजारो स्त्रिया मोर्चे काढू शकल्या, खासदारांना भेटू शकल्या, टीव्हीवर आल्या. त्यांनी जे मिळवलं ते योग्यच होतं. स्वादुपिंडाच्या कर्करोगाचे रुग्ण मात्र संघटना काढण्याइतके जगतच नव्हते. नव्वदच्या दशकात निदानानंतर पाच वर्षं जगणारे शंभरात चार-पाच. कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंत हा रोग अमेरिकेत पहिल्या पाचांत होता. तरी राष्ट्रीय कर्करोग संस्था त्याच्या संशोधनावर त्या दशकाच्या शेवटी वर्षाला दोन कोटी डॉलरसुद्धा खर्च करत नव्हती. पैसा नाही म्हणून तरुण संशोधक या विषयाकडे फिरकत नसत आणि संशोधक नाहीत म्हणून अनुदानासाठी चांगले अर्जच जात नसत.

हा पेच रुग्णांच्या घरच्यांनी आणि जवळच्यांनी सोडवायला घेतला. दोन-तीन वर्षांत, जवळपास एकाच वेळी, तीन संस्था उभ्या राहिल्या. लॉस एंजेलिसच्या ॲगी हर्शबर्ग यांनी पती रोनाल्ड यांच्या मृत्यूनंतर १९९७ मध्ये हर्शबर्ग फाउंडेशन काढलं आणि यूसीएलए विद्यापीठाशी जोडून घेतलं. न्यूयॉर्कला केबलव्हिजन या केबल कंपनीचे उपाध्यक्ष मार्क लस्टगार्टन यांना हा रोग झाला. त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये त्यांच्या नावाने फाउंडेशन सुरू केलं. मार्क पुढच्याच वर्षी बावन्नाव्या वर्षी गेले. तिसरी संस्था १९९९ ची, पॅन्क्रिॲटिक कॅन्सर ॲक्शन नेटवर्क. ती उभी करणाऱ्यांत पामेला अकोस्टा मार्क्वार्ट होत्या. त्यांची आई रोझ या रोगाने गेली होती. रोझना जांभळा रंग आवडायचा, म्हणून या रोगाच्या मोहिमेची फीत जांभळी झाली. आज जगभर नोव्हेंबर महिन्यात ती फीत लावतात.

या तिन्ही संस्थांच्या कामाची पद्धत वेगवेगळी होती आणि ते वेगळेपणच उपयोगी पडलं. सरकारी अनुदान हवं तर अर्जासोबत प्राथमिक निष्कर्ष जोडावे लागतात. ते काढायलाच पैसे नसले तर अर्ज फेटाळला जातो. हर्शबर्ग फाउंडेशनने लहान बीज-अनुदानं देऊन ही पहिली पायरी बांधली. त्या पैशात तरुण संशोधक वर्षभर काम करी आणि हाती आलेल्या निष्कर्षांवर सरकारकडे मोठ्या रकमेसाठी जाई. लस्टगार्टन फाउंडेशनचा व्यवस्थापनाचा खर्च केबलव्हिजनने उचलला, त्यामुळे देणगीचा सगळा पैसा थेट संशोधनाला गेला. दाराशी आलेल्या देणगीदाराला असं छातीठोकपणे सांगता येणं, ही देणगीच्या जगात फार मोठी गोष्ट आहे. ॲक्शन नेटवर्कने संशोधनाबरोबर वॉशिंग्टनचे उंबरठे झिजवायचं काम घेतलं. घरातलं कोणी गेलेली शेकडो माणसं दर वर्षी आपापल्या खासदारांना जाऊन भेटत.

त्यांच्यासोबत एक रुग्णही होता. पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठातले संगणकाचे प्राध्यापक रँडी पॉश. सप्टेंबर २००७ मध्ये त्यांनी दिलेलं व्याख्यान जगभर पाहिलं गेलं. १३ मार्च २००८ रोजी ते अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढे साक्षीला उभे राहिले. या रोगाचे रुग्ण बोलायला जिवंत राहत नाहीत म्हणून पैसा मिळत नाही, हा मुद्दा त्यांनी मांडला आणि आपल्या बायकामुलांचा फोटो समितीला दाखवला. २५ जुलैला ते गेले. वय सत्तेचाळीस. २ जानेवारी २०१३ रोजी राष्ट्राध्यक्ष ओबामांनी एका कायद्यावर सही केली. उपचारांना दाद न देणाऱ्या कर्करोगांसाठी, विशेषतः स्वादुपिंडाच्या, राष्ट्रीय कर्करोग संस्थेने संशोधनाचा आराखडा करून द्यावा, अशी सक्ती त्यात होती. सरकारी खर्च त्यानंतर बराच वाढला. फाउंडेशनांचा पैसा सरकारच्या पैशापुढे थोडाच. पण सरकारला या वाटेवर आणायचं काम त्या थोड्या पैशाने आणि तो गोळा करणाऱ्या माणसांनी केलं.

त्या पैशातून काय मिळालं, याची दोन उदाहरणं मला सर्वांत महत्त्वाची वाटतात.

पहिलं २००८ चं. जॉन्स हॉपकिन्सच्या बर्ट व्होगेलस्टाइन आणि सहकाऱ्यांनी २४ रुग्णांच्या गाठींमधली वीस हजारांहून अधिक जनुकं वाचून काढली. लस्टगार्टन फाउंडेशनचा त्याला पैसा होता. गाठीत कर्करोगाच्या पेशी तुरळक, ही अडचण त्यांनी कशी ओलांडली? गाठींचे अंश उंदरांच्या शरीरात किंवा प्रयोगशाळेत वाढवून त्यांनी शुद्ध कर्करोगपेशींचा साठा केला आणि मग जनुकं वाचली. प्रत्येक गाठीत सरासरी ६३ बदल सापडले, पण ते बारा मुख्य प्रक्रियांभोवती गोळा झालेले होते. के-रास या जनुकातला बिघाड बहुतेक सगळ्या गाठींत आढळतो, हे १९८८ पासून माहीत होतं. आता त्याच्या भोवतीचं सगळं चित्र दिसलं. ज्या गावात गाय यांच्या गाठीचा तुकडा हाती आला नव्हता, तिथेच अडतीस वर्षांनी हे घडलं.

दुसरं २०१० चं. त्याच संस्थेत क्रिस्टीन आयाकोबुझिओ-डोनाह्यू यांनी रुग्णांच्या आणि नातेवाइकांच्या संमतीने मृत्यूनंतर काही तासांतच शवविच्छेदन करून गाठींचे नमुने घेण्याचा कार्यक्रम चालवला. अशा सात रुग्णांच्या नमुन्यांवरून त्यांनी दाखवलं की पहिला जनुकीय बिघाड झाल्यापासून कर्करोगाची पहिली पेशी तयार व्हायला दहा वर्षं किंवा जास्त लागतात, ती पसरण्याची ताकद यायला आणखी पाच, आणि त्यानंतर रुग्ण सरासरी दोन वर्षांत जातो. तोवर हा रोग अचानक येतो, अशी अनेकांची समजूत होती. प्रत्यक्षात तो शोधून काढायला दीड दशकाचा अवधी आहे. पण त्या अवधीत रोग पकडणारी चाचणी हाती नाही. लवकर निदानासाठी रक्ताच्या चाचण्या शोधण्याच्या प्रयत्नांना त्यानंतर नवा जोर आला. सात कुटुंबांनी दुःखाच्या पहिल्या तासांत हो म्हटलं म्हणून हे कळलं.

फळ काय, असं कोणी विचारेल. पाच वर्षं जगणारे शंभरात चार-पाच होते, ते अमेरिकेत अलीकडे तेरापर्यंत आले आहेत. पंचवीस वर्षांच्या श्रमानंतर हा आकडा लहान आहे हे खरं. तरी त्या जास्तीच्या आठ-नऊ माणसांपैकी प्रत्येकाच्या घरी कोणीतरी वाट पाहणारं असतं.

आपल्याकडे हा रोग पाश्चात्त्य देशांपेक्षा बराच कमी आढळतो, पण आढळतो. गोव्याचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर १७ मार्च २०१९ रोजी याच रोगाने गेले. आयआयटीत शिकलेला, पदावर असलेला, उत्तम उपचार मिळालेला माणूस निदानानंतर साधारण वर्षभरात गेला, तेव्हा महाराष्ट्र-गोव्यात पुष्कळांनी या रोगाचं नाव पहिल्यांदा ऐकलं. उपचाराच्या बाजूने आपण मागे नाही. परळमध्ये आज व्हिपलच्या शस्त्रक्रिया मोठ्या संख्येने आणि जगाच्या तोडीच्या होतात.

दानातही आपला माणूस मागे नाही. परळला येणाऱ्या बाहेरगावच्या रुग्णांना दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत निवारा मिळतो. फुटपाथवर डबे वाटणारी मंडळं आहेत, औषधांसाठी पैसे देणाऱ्या संस्था आहेत, कोणाच्या तरी नावाची खाट आणि कोणाच्या तरी नावाचं डायलिसिस यंत्र प्रत्येक धर्मादाय रुग्णालयात आहे. मी हे सगळं नोकरीभर पाहिलं आणि त्यापुढे हात जोडते. पण आईच्या वर्षश्राद्धाला संशोधनासाठी पैसे दिले, असं म्हणणारा माणूस मला क्वचितच भेटला. यात कोणाचा दोष नाही. खाट दिसते, जेवणारा माणूस दिसतो. प्रयोगशाळेतलं काम दिसत नाही आणि त्याचं फळ देणाऱ्याच्या हयातीत बहुधा येत नाही. म्हणून तर दोराबजींचं उदाहरण आपण पुन्हा पुन्हा सांगायला हवं. ही प्रथा आपल्याला परदेशातून शिकायची गरज नाही. ती १९३२ मध्ये मुंबईत होती.

नातेवाईक आमच्या खिडकीशी येऊन ब्लॉक मागत. दुसऱ्या डॉक्टरला दाखवायचे असत. मेणात बसवलेला तो छोटा चौकोन हातात घेऊन कोणी कोणी विचारत, याचं पुढे काय होतं? मी सांगायचे, जपून ठेवतो. खरं तर जपून ठेवलेल्या त्या ब्लॉकमधून आणि गोठवलेल्या ताज्या तुकड्यांमधून संशोधन होतं. त्यासाठी ऊतिपेढी लागते, शीतकपाटं लागतात, नोंदी ठेवणारी माणसं लागतात आणि या सगळ्याला वर्षानुवर्षं पैसा लागतो. एकरकमी मोठ्या देणगीपेक्षा दर वर्षी ठरलेली लहान रक्कम अशा कामाला जास्त उपयोगी पडते, कारण पगार आणि वीजबिल दर महिन्याला द्यावं लागतं.

तेव्हा वाचकांना माझ्या तीन विनंत्या आहेत. घरातल्या कोणावर कर्करोगाची शस्त्रक्रिया होणार असेल आणि उरलेली गाठ संशोधनाला वापरू का असं विचारणारा अर्ज समोर आला, तर तो वाचा, शंका विचारा आणि पटलं तर सही करा. निदानाला लागणारा भाग आधी काढून घेतात. रुग्णाचं काही कमी होत नाही. दुसरी विनंती, गेलेल्या माणसाच्या नावाने काही द्यायचं असेल तर धर्मशाळेला, अन्नदानाला जरूर द्या आणि त्यातला एक भाग एखाद्या विश्वासू रुग्णालयाच्या किंवा संस्थेच्या संशोधन निधीला द्या. पावती मागा, आणि वर्षाने त्या पैशातून काय झालं हेही विचारा. तो तुमचा हक्क आहे. तिसरी गोष्ट पैशाची नाही. पन्नाशीनंतर वजन विनाकारण उतरू लागलं आणि त्याच सुमाराला मधुमेह नव्याने निघाला, किंवा कावीळ झाली आणि पोटातलं दुखणं पाठीकडे जातं आहे असं वाटलं, तर घरगुती उपायांत आठवडे घालवू नका. लगेच डॉक्टरांकडे जा आणि स्वादुपिंड तपासून घ्यायला हवं का, हे स्पष्ट शब्दांत विचारा.